बेसचं दावं

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकही गिटार वाजवलेली नाही, पण विकल्या मात्र आहेत सतरा. त्यातल्या सोळा मी विकायलाच ठेवलेल्या होत्या. सतरावी माझी स्वतःची होती.

घोडेगावात हायवेला लागून माझं दुकान आहे, सुरेखा इलेक्ट्रॉनिक्स. सुरेखा म्हणजे माझी बायको. पाटीवर नाव तिचं आणि आतली डोकेदुखी माझी. जुन्या इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि त्यांचा आवाज मोठा करणारे अँप विकत घ्यायचे, खोलायचे, पोटातलं सडकं काढून चांगलं घालायचं आणि पुन्हा विकायचे, हा माझा धंदा. राहुरीहून कॉलेजची पोरं येतात, नगरच्या चर्चमधले वाजवणारे येतात, बँजो पार्टीवाले येतात. आणि ह्या सगळ्यांच्या वाटेत, बरोबर दारात, खुर्ची टाकून आबा, म्हणजे माझे वडील, बसतात.

आबांनी चाळीस वर्षं इथल्या शुक्रवारच्या बाजारात बैलांची दलाली केली. गुडघे गेले आणि त्यांनी बाजार सोडला, पण बाजाराने काही त्यांना सोडलं नाही. गिऱ्हाईक आलं की ते आधी गिटारीची खोड सांगतात. "हिच्या पाठीत भेग हाय. आमच्या गोरखनं बुजवली लई झकास, पन हाय." मी आत अँपमागे कपाळावर हात मारून घेतो. गिऱ्हाईक मात्र विचार करतं, हा म्हातारा खोटं बोलणार नाही, आणि तीच गिटार घेऊन जातं. ह्याचा मला जास्तच संताप येतो.

भाव ठरतो तो रुमालाखाली. एका बोटाला किती हजार, हे आधी तोंडाने बोलायचं. मग हातावर उपरणं टाकून आबा समोरच्याची बोटं धरतात. दोन धरली तर दोनपट, पंजा धरला तर पाचपट. उपरणं निघालं की सौदा झाला, मग चकार शब्द काढायचा नाही. कॉलेजची पोरं मोबाईलवर शूटिंग करतात आणि खिदळतात.

आणि ते दावं! जनावर द्यावं पण दावं देऊ नये, असं बाजारात म्हणतात. बैल विकला की मालक त्याचं दावं सोडून घरी नेतो, घेणाऱ्याने आपलं आणायचं. दावं गेलं तर गोठ्याची बरकत जाते म्हणे. हा नियम आबांनी गिटारींना लावला. गिटार विकली की तिची वायर काढून घ्यायची आणि दाराशेजारच्या खुंटीला अडकवायची. "काका, वायर?" असं गिऱ्हाईकाने विचारलं की आबा म्हणतात, "दावं ज्यानं त्यानं आपलं आनायचं." मग मला गल्ल्यामागून धावत येऊन नवी वायर हातात द्यावी लागते. हे किती वेळा समजावलं असेल त्याला गणती नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

आता माझा बेस. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. ऐकणाऱ्याच्या कानापेक्षा पोटाला आधी कळते. मी अठरा वर्षं एका ऑर्केस्ट्रात हाच बेस वाजवला. घेतला तेव्हा भंगार होता. दांडी मी बदलली. पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडतो तो भाग, त्याची तार शिलाई मशीनच्या मोटारीवर स्वतः गुंडाळली, तीनदा चुकलो तेव्हा जमलं. दांडीच्या टोकाला तारा ज्या पट्टीवरून जातात ती पट्टी आबांच्या शेवटच्या बैलाच्या शिंगाच्या टोकाची, मी कानस लावून घडवलेली. असल्या बेसच्या पोटात बॅटरी असते आणि ती हमखास ऐन कार्यक्रमात मान टाकते. मी ती काढूनच टाकली. एक डबी केली, तीन तारांची वायर केली, आणि त्या वायरीतूनच बेसला वीज पोचवली. साधी वायर लावली तर हा बेस ब्र काढत नाही. ही युक्ती कुणाला सांगितली नव्हती. कलाकाराला थोडा माज असतोच.

डीजे आले आणि ऑर्केस्ट्रा बसला. सहा वर्षं बेस कपाटावर पडून होता. ऑक्टोबरात अचानक आमच्या गायकाचा, काकासाहेबचा फोन आला. भंडारदऱ्याच्या एका हॉटेलला पर्यटकांसमोर वाजवणारी जुनी मंडळी हवी होती, चोवीस तारखेला. मी 'बघतो' म्हणालो आणि फोन ठेवून कपाटावरून बेस काढला. खोटं कशाला बोलू, सहा वर्षांत मला इतका आनंद झाला नव्हता.

त्या शुक्रवारी मी दांडीला तेल लावलं, वायर जोडून बेस दारात स्टँडवर उन्हाला उभा केला आणि नव्या तारा आणायला नगरला गेलो. दुपारी परतलो तर स्टँड रिकामा. खुंटीवर माझी वायर, डबीसकट. आणि खुर्चीत आबा, लेक चांगल्या घरी पडल्यासारखे समाधानी.

"आबा, बेस कुठंय?"

"गेला. घर चांगलं मिळालं त्याला."

"तो विकायचा नव्हता!"

"मंग दारात का हुबा केलास? आज बाजाराचा वार. अंगाला त्याल लावलेलं, दावं बांधलेलं. बाजाराच्या दिवशी जनावर आसं हुबं केल्यावर मानसानं काय समजायचं? आरती करायची का त्याची?"

मी रिकाम्या स्टँडभोवती एक फेरी मारली. "केवढ्याला दिला?" मी कसंबसं विचारलं.

"पंधरा."

"पंधरा हजार? आतल्या फालतू बेसवर पंचवीसची चिठ्ठी लावलीय मी!"

"म्या बी पंचवीसच धरले हुते."

"मग पंधरा कसे झाले?"

"रुमालाखालचं भायेर काढायचं नसतं," आबा म्हणाले आणि हायवेकडे बघायला लागले. त्यांनी एकदा हायवेकडे बघायला सुरुवात केली की ब्रह्मदेव आला तरी उत्तर मिळत नाही. एवढंच कळलं की घेणारा जामखेडकडचा, नाव सहादेव, आणि त्या वेळी वीज नव्हती म्हणून त्याने बेस न वाजवताच नेला.

घरी सुरेखाने माझं सगळं ऐकून घेतलं. "अहो, दुकानात चार बेस लटकलेत," ती म्हणाली. "त्यातला एखादा वाजवा की." बायकोला हे समजावणं अवघड असतं. त्या चारांवर मी वाजवू शकतो. पण त्या बेसवर मी कोण होतो ते मला आठवतं. मी जेवण टाकून उठलो.

शनिवारी सकाळी फोन वाजला. "मालक, सहादेव बोलतोय. बेस मुका हाय हो. कायबी केलं तरी आवाज येईना."

मी उडीच मारली. साहजिक होतं! दावं आमच्या खुंटीला, तो बोलणार कसा? आणि बैलबाजाराचा नियमच आहे, तीन दिवसांत जनावर जुंपून बघायचं, खोड निघाली तर मालकाने परत घ्यायचं. आबांचाच कायदा आबांच्याच गळ्यात. मी गोड आवाजात म्हणालो, "काही काळजी करू नका, मी उद्या स्वतः येतो. तुमचे पैसे घेऊनच येतो."

आबांनी हे ऐकलं. "त्यात खोड न्हाई, गोरख. दावं न्हाई म्हनून बोलंना त्यो. वायर दे धाडून."

"ती वायर जागची हलणार नाही."

"मंग मी बी येतो. सौदा माझा हाय."

मी पुष्कळ नको म्हटलं. पण आबा सत्याहत्तरचे, एसटी त्यांना फुकट, त्यामुळे तिकिटाचं कारणही पुढे करता येईना. शेवटी मी अट घातली: जामखेडला तोंड उघडायचं नाही. एक अक्षर बोलायचं नाही. आबांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मान डोलावली.

रविवारी त्यांनी अंगात लोकरीचा कोट घातला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. "कोट कशाला?" असं मी विचारलं, तर त्यांनी तोंडाकडे बोट दाखवलं. मौन घोडेगावपासूनच सुरू झालं होतं. दुकानाचं कुलूप मागून तेच लावून आले. कंडक्टरने कुठं जायचं विचारलं, ह्यांनी नुसतं कार्ड दाखवलं. नगरच्या स्टँडवर चहा हवा का विचारलं, मान. साखर कमी का, मान. जामखेडच्या गाडीत शेजारच्या माणसाने मला कळवळून विचारलं, "वडलांची वाचा कधी गेली?" मी दात खाऊन खिडकीबाहेर बघत बसलो. सबंध वाटेत आबा कोटाची बटणं लावून घामाने निथळत होते आणि हूं की चूं करत नव्हते.

जामखेडहून पुढे सहा-सात किलोमीटरवर सहादेवची वस्ती. पत्र्याची खोली, पुढे सारवलेलं अंगण. सहादेव पस्तिशीचा, काटक, डाव्या हाताला टॉवेल गुंडाळलेला. त्याने आम्हाला पाणी दिलं. आत बाजेवर गोधडी अंथरून तिच्यावर माझा बेस निजवला होता. शेजारी बँजो पार्टीचा जुना अँप, त्याचा लाल दिवा लागलेला. बेसला एक नवी साधी वायर. दावं त्याने रीतीप्रमाणे आपलं आणलं होतं.

"परवापासनं धडपडतोय," तो म्हणाला. "अँप चांगला हाय, त्याच्यावर बँजो वाजतो. ह्योच बोलंना."

मी बेस उचलला, बटणं उगीच फिरवली, चार वेळा 'हं' केलं. मग जे ठरवून आलो होतो ते बोललो. "आतलं जळलंय. दुरुस्तीतलं राहिलं नाही. तुमचं नुकसान नको, हे पंधरा हजार घ्या. आमच्याकडून चूक झाली."

आबा भिंतीला टेकून बसले होते. तोंड बंद, नजर माझ्यावर. लहानपणी मी खोटं बोललो की असेच बघायचे.

सहादेवने पैशांना हात लावला नाही. "मागल्या हंगामात ऊस तोडताना हाताला लागलं," तो म्हणाला. "मंग यंदा टोळीत कोन घेतो? नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात. बायकू भावाबरूबर गेली कारखान्याला. मी हितंच ऱ्हायलो. आदी बँजो वाजवायचो, पार्टीत लई नाव हुतं. आता पट्ट्या दाबायला बोटं पुरंनात. पार्टीवाले म्हनले, बेस शिक, तुळशीच्या लग्नापास्नं घेतो. म्हनून आलो हुतो तुमच्याकडं." त्याने बेसकडे पाहिलं. "पन तुमी जानकार. तुमी म्हनता तर खोडच आसंल. न्या."

त्याने टॉवेल सोडला आणि दोन्ही हातांनी बेस माझ्यापुढे धरला. डाव्या हाताला अंगठा आणि शेवटची दोन बोटं. मधे काही नाही.

पंधरा कसे झाले ते मला तिथे कळलं. पाच हजार एका बोटाला, आणि आबांनी पंजा धरला.

आणि तरीही मी बेस घ्यायला हात पुढे केला. हे सांगितलंच पाहिजे. मनात म्हणालो, वाईट झालं, पण मी काय करू, आतल्या चारांपैकी दुसरा एखादा देतो ह्याला, चांगला देतो. माझी बोटं दांडीला लागलीसुद्धा होती.

तेवढ्यात आबा उठले. कोटाची बटणं एकेक करून सोडली. आत पोटाभोवती, करगोट्यासारखी, माझी तीन तारांची वायर गुंडाळलेली. ती त्यांनी वेटोळं वेटोळं करत सोडवली, डबीसकट गोधडीवर ठेवली आणि पुन्हा भिंतीला जाऊन टेकले. तोंड उघडलं नाही. शब्दाचे पक्के.

मला रडू येत होतं की शिव्या, ते आजही सांगता येणार नाही. चाळीस वर्षांत ज्या माणसाने कुणाला दावं दिलं नाही, त्याने ते शंभरावर किलोमीटर पोटाला बांधून आणलं होतं.

"हे काय?" सहादेवने विचारलं.

"ह्याची वायर," मी म्हणालो. "साधी चालत नाही. जळलेलं काही नाही. मी... थांबा, लावून देतो."

वायर लावली, डबीचं बटण दाबलं. सहादेवने बेस मांडीवर घेतला आणि उलटा फिरवला. डाव्या हाताने तारा दाबता येणार नव्हत्या, म्हणून त्याने दांडी उजवीकडे घेतली. उजव्या बोटांनी दाबलं आणि डाव्या अंगठ्याने तार छेडली. पत्रा थरथरला. मांडणीतली भांडी वाजली. तोच आवाज, पोटातून येणारा. सहादेव खुदकन हसला आणि पुन्हा छेडून बघितलं, मग पुन्हा.

"पन मालक, ह्याच्या तारा उलट्या येत्यात," तो म्हणाला. "जाड खाली, बारीक वर. ह्यो डावखुरा करून मिळंल का? जे काय व्हईल ते देतो."

होतं करून. नवी पट्टी घडवायची, तारांच्या खाचा उलट्या कापायच्या, गळ्यात अडकवायच्या पट्ट्याचं बटण दुसऱ्या बाजूला भोक पाडून बसवायचं. चार दिवसांचं काम. आणि एकदा केलं की तो बेस मला पुन्हा वाजवता येणार नाही, ह्या जन्मात तरी नाही. नाही म्हणायला माझ्याकडे हजार कारणं होती. मी म्हणालो, "करून देतो. पैसे नकोत, सौद्यातच धरलंय."

परतीच्या गाडीत बेस आमच्या दोघांच्या मधे उभा. दोन दिवसांपूर्वी ह्याच्यासाठी जीव टाकत होतो, आणि आता तो घरी येत होता तो कापायला. आबा अजून गप्पच. नगर जवळ आलं तसा माझा बांध फुटला.

"आता बोला की! जामखेड मागे पडलं!"

"काय बोलू?"

"पंजा धरला तेव्हा कळलं ना, दोन बोटं नाहीत? सोडायचा होता हात. उजवा दे म्हणायचं होतं."

"उजव्या हातानं त्यानं बेस घट्ट धरलेला. सोडंना." आबांनी कपाळाचा घाम पुसला. "म्या पंजा धरला. कळलं. वर बगितलं तर त्यो म्हनला, 'पंधरा? दिले.' आन तोंड आसं झालं त्याचं, सनासुदीवानी. तवा म्या हात सोडला आस्ता, तर त्याला काय वाटलं आस्तं? बोटं न्हाईत म्हनून सोडला. मंग न्हाई सोडला."

मी मधला बेस जरा सावरून धरला. मग म्हणालो, "आता कोट तरी काढा. उकडून मराल."

त्या आठवड्यात मी बेस उलटा केला. भोक पाडायला ड्रिल लावलं तेव्हा दोनदा बाहेर जाऊन पाणी पिऊन आलो. आबा दारातून ओरडत होते, "जपून! परक्याचं जनावर हाय!" हे मलाच. माझ्याच बेसबद्दल. डोकं फिरायची वेळ आली होती. नवी पट्टी हाडासारख्या टणक प्लास्टिकची केली, खाचा उलट्या पाडल्या. शिंगाची जुनी पट्टी हलकेच उकरून काढली. अठरा वर्षांत तारांनी तिच्यावर चार चकचकीत चरे पाडले होते. गुरुवारी सहादेव आला, वाजवून बघितलं, आबांच्या पाया पडला, माझ्या पडू लागला तर मी मागे सरलो. बेस घेऊन तो जामखेडच्या गाडीत बसला. वायर आणि डबी त्याच्याबरोबर गेली. बोलायला लागते त्याला.

चोवीस तारखेला मी भंडारदऱ्याला दुकानातल्या पंचवीसवाल्या बेसवर वाजवलं. काकासाहेब म्हणाला, छान झालं. छान म्हणजे ठीक झालं. दुसऱ्या गाण्यात दोन ठिकाणी चुकलो, आणि कार्यक्रमभर तोच एक आवाज कानात शोधत राहिलो.

परत आल्यावर सकाळी दुकान उघडलं. आबा खुर्ची घेऊन आले, बसता बसता खुंटीकडे बघून थबकले.

"हे काय आडकवलंस रं खुंटीला?"

"कचरा आहे. टाकायचा राहिलाय."

आबांनी चष्मा वर केला, जवळ जाऊन बघितलं. शिंगाचा बोटाएवढा तुकडा, चार चऱ्यांचा.

"कचऱ्याला दोरा कशापाय ववला मंग?"

"आबा, खुर्ची जरा बाजूला घ्या," मी म्हणालो. "गिऱ्हाईक येतंय."